गाठीतल्या जनुकांची चाचणी आणि हातातले पाच आठवडे

वाचकाचे पत्र

आदरणीय डॉक्टर, सादर नमस्कार. माझे यजमान ५६ वर्षांचे आहेत. रक्तदाबाच्या तपासण्या करताना सोनोग्राफीत त्यांच्या डाव्या मूत्रपिंडात गाठ दिसली आणि सात आठवड्यांपूर्वी ऑपरेशन करून ते मूत्रपिंड काढले. बायॉप्सीच्या रिपोर्टात ‘क्लिअर सेल रीनल सेल कार्सिनोमा, ८ सेंटिमीटर, ग्रेड ३, पीटी३ए, नेक्रोसिस नाही’ असे लिहिले आहे. लसिकाग्रंथींत काही सापडले नाही आणि सीटी स्कॅनही स्वच्छ आहे. डॉक्टरांनी वर्षभर इम्युनोथेरपीची इंजेक्शने सुचवली आहेत. माझा भाचा जैवतंत्रज्ञान शिकतो. त्याने एक शोधनिबंध वाचून सांगितले की, किडनीच्या कर्करोगात प्रतिकारशक्तीची जनुके जास्त सक्रिय असली तर रुग्णाचे आयुष्य कमी असते. आमच्या रिपोर्टात ‘गाठीत लिम्फोसाइट पेशींची दाटी आढळते’ असे एक वाक्य आहे, आणि ते वाचल्यापासून मला झोप नाही. प्रतिकारशक्ती जास्त असणे वाईट कसे? एक खासगी प्रयोगशाळा गाठीतील जनुकांची चाचणी करून धोका किती ते सांगू म्हणते. अहवालाला पाच आठवडे लागतील आणि खर्च आमच्या आवाक्याबाहेरचा आहे, पण वेळ पडली तर सोने मोडू. चाचणी करावी का? तोवर इंजेक्शने थांबवावीत का? हा दोष मुलांत उतरेल का? जाऊबाई त्यांना रोज गुळवेलीचा काढा देतात, तो चालू ठेवावा का?

— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर

प्रिय ताई,

सोने मोडू नका, आणि त्या चाचणीच्या अहवालासाठी इंजेक्शनांचा निर्णय लांबवू नका. हे दोन्ही आधीच सांगून टाकते, कारण तुमच्या हातातला वेळ मोजका आहे. ऑपरेशनला सात आठवडे झाले आहेत आणि ज्या मोठ्या अभ्यासाच्या आधारे ही इंजेक्शने दिली जातात, त्यात ऑपरेशननंतर १२ आठवड्यांच्या आत रुग्णांना घेतले होते. चाचणीला पाच आठवडे लागणार असतील, तर ती मुदत नेमकी वाट पाहण्यातच संपेल. असे का सांगते, ते आता सविस्तर लिहिते.

माझे काम गाठींच्या काचपट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली वाचण्याचे आहे, म्हणून ज्या वाक्याने तुमची झोप उडाली त्यापासूनच सुरुवात करू. क्लिअर सेल प्रकारच्या गाठीची काचपट्टी पाहिली, तर तिच्या पेशी रिकाम्या खोल्यांसारख्या पांढुरक्या दिसतात. त्यांच्यात चरबी आणि ग्लायकोजन साठलेले असते आणि काचपट्टी तयार करताना ते विरघळून जाते, म्हणून पेशी ‘क्लिअर’ दिसते. या खोल्यांच्या भिंतीभिंतींतून बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे गेलेले असते. त्या जाळ्याच्या कडेने कधी विरळ, कधी दाट असे मोहरीच्या दाण्यांसारखे गडद निळे ठिपके दिसतात. हे ठिपके म्हणजे लिम्फोसाइट, आपल्या प्रतिकारयंत्रणेच्या पेशी. ते दाट दिसले, की पॅथॉलॉजिस्ट तसे लिहितो. ते निरीक्षण असते, निकाल नव्हे. आजाराची स्टेज (तो कुठवर पसरला) किंवा ग्रेड (पेशी किती बिघडलेल्या दिसतात) ठरवताना या दाटीला एकही गुण दिला जात नाही, आणि तुमच्या डॉक्टरांनीही तिच्यावरून काही ठरवलेले नाही.

तरीही तुमच्या भाच्याने जे वाचले ते खोटे नाही. बहुतेक कर्करोगांत गाठीत टी-पेशी (लिम्फोसाइटचाच एक प्रकार) जास्त असणे चांगले मानले जाते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात हे इतके ठळक आहे की, २००६ साली फ्रान्समधील संशोधकांनी टी-पेशींची संख्या आणि जागा यांवरून रुग्णाच्या पुढच्या वाटचालीचा अंदाज बांधून दाखवला. किडनीचा क्लिअर सेल कर्करोग मात्र या नियमाला अपवाद ठरला. इथे सीडी८ नावाच्या टी-पेशी जास्त असलेल्या रुग्णांचा आजार सरासरीने अधिक लवकर उलटतो, असे एकाहून अधिक अभ्यासांत दिसले. २००४ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी दाखवले की, ज्यांच्या गाठीत पीडी-एल१ हे प्रथिन जास्त आढळले, त्यांचे पुढचे दिवस अधिक कठीण गेले. पीडी-एल१ हे प्रतिकार पेशींना ‘थांबा’ म्हणून सांगणारे प्रथिन आहे.

तुमचा मूळ प्रश्न हाच आहे आणि तो अगदी योग्य आहे: रक्षण करणाऱ्या पेशी जास्त असणे वाईट कसे? याचे उत्तर त्या पेशींच्या संख्येपेक्षा त्यांच्या अवस्थेत आहे. पॅरिसमधील एका गटाने २०१५ साली या गाठींतील टी-पेशी मोजल्याच, शिवाय त्या कोणत्या स्थितीत आहेत आणि कोणाच्या शेजारी आहेत हेही तपासले. काही गाठींत टी-पेशी भरपूर होत्या, पण त्यांच्या अंगावर पीडी-१ आणि लॅग-३ या थकव्याच्या खुणा होत्या. या पेशी दीर्घकाळ लढून दमलेल्या होत्या, आणि त्यांना शत्रूची ओळख पटवून देणाऱ्या डेंड्रायटिक पेशीही पुरत्या वाढलेल्या नव्हत्या. अशा रुग्णांची वाटचाल वाईट होती. दुसऱ्या काही गाठींतही टी-पेशी तितक्याच भरपूर होत्या, पण तिथे परिपक्व डेंड्रायटिक पेशी होत्या आणि सगळ्यांनी मिळून गाठीच्या कडेला छोट्या लसिकाग्रंथीसारखी वसाहत केली होती. त्या रुग्णांची वाटचाल चांगली होती. म्हणजे ‘लिम्फोसाइट पेशींची दाटी’ या तीन शब्दांवरून तुमचे यजमान या दोनपैकी कोणत्या गटात आहेत हे कळत नाही. ते वाक्य जितके वाईट अर्थाने वाचता येते तितकेच चांगल्या अर्थानेही वाचता येते, आणि साध्या काचपट्टीवर नुसत्या डोळ्यांनी हा फरक मलाही सांगता येणार नाही.

आता जनुकांकडे येऊ. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत सुमारे वीस हजार जनुकांचा तोच संच असतो. तलाठ्याच्या दप्तरात साऱ्या गावाचे सातबारे असावेत, तसा. पण दप्तरात काय आहे यापेक्षा आज कोणत्या सातबाऱ्याच्या किती नकला काढल्या गेल्या, यावरून गावात काय चालले आहे ते अधिक कळते. पेशीही जनुकाच्या अशाच नकला काढते. त्यांना आरएनए म्हणतात. एखाद्या जनुकाच्या नकला जास्त सापडल्या, की त्या जनुकाची अभिव्यक्ती जास्त आहे असे म्हणतात. तुम्हाला सुचवलेली चाचणी या नकला मोजते आणि त्यांतील काही निवडक जनुकांवरून धोक्याचा एक आकडा काढते.

इथे पहिली अडचण येते. चाचणीसाठी गाठीचा तुकडा सबंध विरघळवून त्यातला आरएनए काढतात. त्या तुकड्यात कर्करोगाच्या पेशी असतात, रक्तवाहिन्या असतात, टी-पेशी असतात आणि मॅक्रोफेज नावाच्या, कचरा गिळणाऱ्या प्रतिकार पेशीही असतात. सगळ्यांच्या नकला एकाच गठ्ठ्यात येतात. त्यामुळे ‘प्रतिकार जनुके जास्त’ असा अहवाल आला, तरी त्या नकला ताज्या दमाच्या पेशींच्या की थकलेल्या, हे त्या आकड्यावरून नेहमीच वेगळे करता येत नाही. शिवाय कोणती जनुके निवडली यावरून निकालाची दिशाच बदलते. २०१५ साली अमेरिका आणि फ्रान्समधील डॉक्टरांनी मिळून १६ जनुकांची एक चाचणी प्रसिद्ध केली. ती अमेरिकेतील ९४२ रुग्णांवर तयार केली आणि फ्रान्समधील ६२६ वेगळ्या रुग्णांवर तपासून पाहिली. तिच्यात सीसीएल५ सारख्या प्रतिकाराशी संबंधित काही जनुकांची अभिव्यक्ती जास्त असेल, तर आजार उलटण्याचा धोका कमी धरला जातो. तुमच्या भाच्याने जे वाचले त्याच्या हे अगदी उलट आहे, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असू शकते, कारण ‘प्रतिकारशक्तीची जनुके’ ही एक वस्तू नव्हे. त्या नावाखाली शेकडो जनुके येतात, आणि ती परस्परविरोधी कामे करतात.

दुसरी अडचण हे शोधनिबंध तयार कसे होतात यात आहे, आणि ती भाच्याला विशेषकरून समजावून सांगा, कारण त्याला पुढे याच क्षेत्रात काम करायचे आहे. अमेरिकेच्या कॅन्सर जिनोम अॅटलस या प्रकल्पाने क्लिअर सेल प्रकारच्या चारशेहून अधिक गाठींचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध केला आणि त्यांची माहिती सर्वांसाठी खुली केली. हे फार मोठे काम आहे. पण त्यानंतर जगभरातील असंख्य गटांनी त्याच रुग्णांच्या त्याच माहितीतून आपापल्या जनुकसंचाची निवड केली आहे. पद्धत साधारण एकच असते: प्रतिकाराशी संबंधित जनुकांची यादी घ्यायची, ज्यांचा आयुर्मानाशी संबंध दिसतो ती पाच-दहा निवडायची, त्यांचा गुणांक काढायचा, रुग्णांचे मधोमध दोन गट पाडायचे आणि त्या गटांच्या आयुर्मानाच्या दोन रेषा एकमेकींपासून दूर जाताना दाखवायच्या. ज्या माहितीतून जनुके निवडली त्याच माहितीवर ती तपासली, तर रेषा दूर जाणारच. २०११ साली बेल्जियममधील संशोधकांनी स्तनाच्या कर्करोगाबाबत याची फार बोलकी परीक्षा केली. कर्करोगाशी काडीचाही संबंध नसलेले जनुकसंच त्यांनी घेतले. त्यांत जेवणानंतर हसण्याने रक्तात होणाऱ्या बदलांचा एक संचही होता. असे संच, आणि अगदी चिठ्ठ्या टाकून निवडलेले संचसुद्धा, रुग्णांच्या आयुर्मानाशी संबंध दाखवत होते. म्हणून एखादा संच आयुर्मानाशी जोडलेला दिसला, एवढ्यावर भागत नाही. तो वेगळ्या देशांतील, वेगळ्या रुग्णालयांतील, आधी न पाहिलेल्या रुग्णांवर टिकला का, आणि साध्या रिपोर्टातील स्टेज व ग्रेड यांपेक्षा त्याने काही अधिक सांगितले का, हे विचारायला हवे. त्या १६ जनुकांच्या चाचणीमागे निदान अशी परीक्षा तरी आहे. बहुतेक संचांमागे तीही नाही.

तिसरी गोष्ट मला माझ्या टेबलावर दर वेळी दिसते. काढलेले मूत्रपिंड उभे चिरले, की क्लिअर सेल गाठ आतून हळदीसारखी पिवळी दिसते. पण ती सगळीकडे सारखी कधीच नसते. एका बाजूला रक्तस्रावाने काळपट झालेला भाग, दुसरीकडे पाण्याने भरलेली पोकळी, तिसरीकडे पांढरट घट्ट पट्टा. ८ सेंटिमीटरच्या गाठीतून आम्ही ठिकठिकाणचे तुकडे घेतो, प्रत्येक तुकडा मेणाच्या वेगळ्या ठोकळ्यात बसवतो आणि प्रयोगशाळेला मात्र त्यांतला एखादाच ब्लॉक जातो. लंडनच्या संशोधकांनी २०१२ साली एकाच रुग्णाच्या किडनीच्या गाठीतून अनेक ठिकाणचे तुकडे घेऊन तपासले, तेव्हा एका तुकड्यात चांगल्या वाटचालीची जनुक-खूण सापडली आणि त्याच गाठीच्या दुसऱ्या तुकड्यात वाईट वाटचालीची. गाठ एक, रुग्ण एक, पण कोणता ब्लॉक उचलला यावर उत्तर बदलले. तुम्ही सोने मोडून जे विकत घेणार आहात, ते अशा एका ब्लॉकचे उत्तर असेल.

यानंतरचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून तो जरा सावकाश वाचा. आजार आपल्या गतीने कुठे जाईल हे सांगणारी खूण वेगळी, आणि अमुक औषध लागू पडेल का हे सांगणारी खूण वेगळी. तुमची भीती अशी आहे की, प्रतिकार जनुके जास्त निघाली तर सगळे संपले. वस्तुस्थिती तशी नाही. आजार पसरलेल्या रुग्णांवरील एका मोठ्या अभ्यासात ८२३ गाठींची जनुके तपासून त्यांचे सात गट पाडले गेले, आणि ज्या गाठींत टी-पेशींची व वेगाने वाढणाऱ्या पेशींची जनुके सक्रिय होती, त्या रुग्णांना इम्युनोथेरपी असलेल्या उपचाराचा फायदा नुसत्या जुन्या गोळीपेक्षा स्पष्टपणे जास्त झाला. थकलेल्या टी-पेशी असणे ही उपचाराविना वाईट बातमी असेल, पण तुमच्या यजमानांना सुचवलेले औषध नेमका त्यांच्यावरचा तो ‘थांबा’ उठवण्यासाठीच बनवले आहे. हेही पूर्ण चित्र नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात सीडी८ पेशींच्या दाटीवरून अशा औषधाचा परिणाम सांगता आला नाही. फ्रान्समध्ये जनुकगटावरून उपचार निवडून पाहणारी बायोनिक नावाची चाचणी झाली. तिने ही दिशा शक्य आहे असे दाखवले. तरी हे सारे आजार पसरलेल्या रुग्णांबाबत आहे. तुमच्या यजमानांचा आजार स्कॅनमध्ये कुठेही दिसत नाही, ही त्यांच्या आणि त्या रुग्णांच्या परिस्थितीतील फार मोठी तफावत आहे.

आता जो निर्णय खरोखर तुमच्यापुढे आहे त्याकडे वळू. हातातल्या साध्या रिपोर्टातूनच धोक्याचा बराच अंदाज येतो. मेयो क्लिनिकने १९७० ते २००० या काळातील १६७१ रुग्णांवरून २००३ साली एक गुणपद्धती बनवली. ती स्टेज, लसिकाग्रंथी, गाठीचा आकार, ग्रेड आणि नेक्रोसिस (गाठीतला मेलेला भाग) एवढ्या पाच गोष्टी पाहते. तुम्ही लिहिलेल्या रिपोर्टानुसार पीटी३ए (गाठ मूत्रपिंडाभोवतीच्या चरबीत किंवा शिरेत गेल्याची स्टेज) साठी चार आणि ग्रेड ३ साठी एक असे पाच गुण होतात. हा मधला गट आहे. त्या अभ्यासात मधल्या गटातील सुमारे ७४ टक्के रुग्णांचा आजार पाच वर्षांत दूर कुठे पसरला नव्हता, आणि त्या काळी आजची औषधे नव्हती. हा आकडा यजमानांना वाचून दाखवायला हरकत नाही.

सुचवलेले औषध बहुधा पेम्ब्रोलिझुमॅब असणार, कारण किडनीच्या कर्करोगात ऑपरेशननंतर देऊन पाहिलेल्या या जातीच्या औषधांपैकी रुग्णांचे आयुर्मान वाढल्याचे तेवढ्यानेच दाखवले आहे. अॅटेझोलिझुमॅब, तसेच निव्होलुमॅब आणि इपिलिमुमॅब यांची जोडी, अपेक्षित परिणाम दाखवू शकली नाही. पेम्ब्रोलिझुमॅबची चाचणी ९९४ रुग्णांवर झाली. पीटी३ अवस्थेचे रुग्ण तिच्यात होते, आणि कोणालाही जनुकांची किंवा पीडी-एल१ ची चाचणी पाहून निवडले नव्हते. चार वर्षांनंतर औषध न घेतलेल्यांपैकी शंभरात सुमारे ५७ जणांचा आजार उलटलेला नव्हता. औषध घेतलेल्यांत ही संख्या सुमारे ६५ होती. हयात असलेले अनुक्रमे ८६ आणि ९१ होते.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचा. शंभरातील ५७ जणांना औषधाविनाही चार वर्षांत काही झाले नाही. म्हणजे त्यांनी ते घेतले असते, तर बहुधा गरज नसताना घेतले असते. सुमारे ३५ जणांचा आजार औषध घेऊनही उलटला. मधल्या आठ जणांना त्याने वाचवले. जनुकांच्या चाचणीने खरे काम करायचे असेल तर ते इथेच आहे: उपचार सुरू करण्यापूर्वी हे तीन गट वेगळे करून दाखवणे. शास्त्रज्ञ याच्यामागे लागले आहेत आणि मला मनापासून वाटते की ते आवश्यक काम आहे. पण आज हाती असलेल्या कोणत्याही संचाला हे विश्वासाने करता येत नाही, आणि युरोपातील मूत्ररोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनाही अशा जनुक-निदर्शकांची रोजच्या व्यवहारात शिफारस करत नाहीत. म्हणून प्रयोगशाळेचा अहवाल ‘धोका जास्त’ आला तरी डॉक्टर तेच इंजेक्शन सुचवतील. ‘धोका कमी’ आला, तर त्यावर विसंबून पीटी३ए आजारात औषध नाकारण्याइतका आधार त्या अहवालात असणार नाही. दोन्ही उत्तरांनी निर्णय जिथल्या तिथे राहत असेल, तर तो खर्च कशासाठी?

पैसे खर्च करायचेच असतील, तर याहून कितीतरी स्वस्त आणि उपयोगी अशी एक गोष्ट आहे. रुग्णालयातून काचपट्ट्या आणि ब्लॉक घ्या आणि मूत्रमार्गाच्या कर्करोगात अनुभव असलेल्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून ते पाहून घ्या. मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या कर्करोग रुग्णालयांत बाहेरच्या काचपट्ट्यांचे असे पुनर्वाचन होते. गाठ खरोखर क्लिअर सेलच आहे का, तिच्यात कुठे सार्कोमॅटॉइड, म्हणजे अधिक आक्रमक पेशींचा, भाग दडला आहे का, ती मूत्रपिंडाभोवतीच्या चरबीत गेली होती की शिरेत, हे प्रश्न त्यांना विचारा. या उत्तरांनी निर्णय बदलू शकतो.

इंजेक्शने घ्यावीत की नाही, हे मी इथे बसून सांगणे योग्य होणार नाही. पण बोलणी कशी करावीत ते सांगते. हे औषध प्रतिकार पेशींवरचा लगाम काढते, त्यामुळे त्या कधी आपल्याच अवयवांवर उलटतात. थायरॉइड बिघडणे सर्वांत जास्त आढळते. आतडे, यकृत, फुप्फुस, अॅड्रिनल ग्रंथी यांनाही सूज येऊ शकते, आणि क्वचित मूत्रपिंडालाही. तुमच्या यजमानांना आता एकच मूत्रपिंड आहे, म्हणून त्याची खास चौकशी करा. त्या अभ्यासात औषधामुळे गंभीर त्रास झालेल्यांचे प्रमाण जवळपास पाचात एक होते. सुरुवातीला क्रिएटिनिन, यकृत, थायरॉइड आणि साखर यांच्या तपासण्या करून ठेवा. जुलाब, धाप, अतिशय थकवा किंवा लघवी कमी होणे असे काही झाले, तर रात्रीबेरात्री कोणाला फोन करायचा, तो क्रमांक पहिल्या इंजेक्शनापूर्वीच मागून घ्या. औषध फार महाग आहे आणि त्यासाठी कोणी कमी मात्रा सुचवील. टाटा मेमोरियलमध्ये निव्होलुमॅबच्या अल्प मात्रेचा जो चांगला अभ्यास झाला, तो डोके व मानेच्या बळावलेल्या कर्करोगात झाला. ऑपरेशननंतरच्या किडनीच्या रुग्णाला त्याचा आधार लावता येत नाही. सगळे ऐकून तुम्ही दोघांनी इंजेक्शने न घेता नियमित स्कॅन करत राहायचे ठरवले, तर तोही जबाबदारीने घेतलेला निर्णय असेल, आणि त्यासाठी कोणी तुम्हाला दोष देऊ नये.

काढा मात्र आजच थांबवा. जाऊबाईंचा जीव तुटतो म्हणून त्या तो देतात, हे मला समजते. त्यांना दुखवू नका, पण हे पुढचे वाक्य त्यांना वाचून दाखवा. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, आणि त्या इजेचे स्वरूप प्रतिकारशक्ती आपल्याच यकृतावर उलटल्यासारखे होते. सुचवलेले इंजेक्शनही हाच त्रास देऊ शकते. दोन्ही एकत्र चालू असताना कावीळ झाली, तर कारण कोणते हे कळणार नाही आणि एखाद्या वेळी उपयोगी पडत असलेले औषध बंद करावे लागेल. गाठीतल्या प्रतिकार पेशींना काढ्याने बळ मिळते असा पुरावाही नाही. अंगदुखीसाठी स्वतःच्या मनाने घेतलेल्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशा गोळ्या एकुलत्या मूत्रपिंडाला घातक आहेत; जाऊबाईंची काळजी त्या गोळ्या घरातून काढून टाकण्याकडे वळवा, आणि यजमानांचा रक्तदाब रोज मोजून वहीत लिहिण्याकडे.

मुलांविषयी तुम्ही एका ओळीत विचारले आहे, पण मला वाटते त्या ओळीचे ओझे सर्वांत जास्त आहे. गाठीतल्या जनुकांची अभिव्यक्ती मुलांत उतरत नाही. त्या नकला त्या गाठीत, त्या दिवसापुरत्या होत्या. क्लिअर सेल कर्करोगात तिसऱ्या गुणसूत्राचा एक तुकडा आणि त्यावरचे व्हीएचएल हे जनुक निकामी होते, पण हा बिघाड बहुतेक रुग्णांत मूत्रपिंडाच्या एखाद्या पेशीत जन्मानंतर झालेला असतो. २०१८ सालच्या एका अभ्यासानुसार त्याची सुरुवात कित्येकदा बालपणात किंवा किशोरवयात झालेली असते, म्हणजे आजार दिसण्याच्या कित्येक दशके आधी. गेल्या दोन-चार वर्षांत आपले काय चुकले, जेवणात काय कमी पडले, असा विचार रात्री मनात येत असेल तर हे आठवा. आनुवंशिक प्रकाराची शंका आम्हाला येते ती रुग्ण ४६ वर्षांचा किंवा त्याहून लहान असताना, दोन्ही मूत्रपिंडांत किंवा एकाच मूत्रपिंडात अनेक गाठी असताना, किंवा घरात आणखी कोणाला हा आजार, तसेच मेंदूतल्या वा डोळ्यांतल्या रक्तवाहिन्यांच्या गाठी झालेल्या असताना. यजमान ५६ वर्षांचे आहेत आणि गाठ एकच होती. घराण्यात असे काही असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. नसेल तर मुलांची जनुके तपासण्याचे कारण मला दिसत नाही. त्यांनी तंबाखूपासून दूर राहावे, वजन आणि रक्तदाब सांभाळावा. या आजाराचे माहीत असलेले मुख्य धोके हेच आहेत.

या आठवड्यात एवढे करा. डॉक्टरांची वेळ घ्या आणि १२ आठवडे कोणत्या तारखेला पूर्ण होतात ते त्यांच्यासमोर कॅलेंडरवर लिहा. पुनर्वाचनासाठी दिलेल्या काचपट्ट्या आणि ब्लॉक परत आले, की ते रुग्णालयात पुन्हा जमा करून पावती घ्या, कारण उद्या एखादी चाचणी खऱ्या परीक्षेतून पार पडली तर ती त्याच ब्लॉकवर करता येईल. मेणातला तुकडा वर्षानुवर्षे टिकतो. त्याला फक्त उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. रिपोर्टाच्या वरच्या भागात नमुन्याचा एक क्रमांक छापलेला असतो, आणि प्रत्येक ब्लॉकवर तोच क्रमांक असतो. तो यजमानांच्या फाईलच्या पहिल्या पानावर तुमच्या हाताने लिहून ठेवा.